डॉक्टरांची गाडी, सिंगल हँड

"डॉक्टरांची गाडी आहे, साहेब. सिंगल हँड. डोळे झाकून घ्या."

गेल्या पाच महिन्यांत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून मी अकरा जुन्या आलिशान गाड्या पाहिल्या. त्यांतल्या आठ डॉक्टरांच्या निघाल्या. उरलेल्यांपैकी एक 'मॅडम फक्त देवळात जायला काढायच्या' या जातीची होती आणि एक 'साहेब परदेशात असतात, गाडी नुसती उभीच' या जातीची. अकरावीच्या आरसी बुकावर मालक म्हणून कुठल्याशा 'डेव्हलपर्स'चं नाव छापलेलं होतं. एजंट क्षणभरच अडखळला. मग म्हणाला, "पण जावई डॉक्टर आहे त्यांचा."

डॉक्टर माणूस गाडी हळू चालवतो, वेळच्या वेळी ऑइल बदलतो, आत तंबाखू थुंकत नाही, अशी बाजाराची श्रद्धा आहे. माझे दोन वर्गमित्र डॉक्टर आहेत. त्यांतल्या एकाची गाडी अगदी त्याच्या स्वतःच्या तब्येतीसारखी आहे. तपासायला त्याला वर्षानुवर्षं सवडच झालेली नाही.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते म्हात्रे पुलाजवळच्या एका लॉनवर. लग्नाला आम्ही आणि मेव्हणा एकाच वेळी पोचलो. गाड्या लावायला गणवेशातली पोरं उभी होती. मेव्हण्याच्या गाडीची किल्ली त्यातल्या एकाने तीर्थ घ्यावं तशी दोन्ही हातांनी घेतली. मग त्याने माझ्या चौदा वर्षांच्या हॅचबॅककडे पाहिलं आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "काका, ही तुम्हीच लावता का? तिकडे, जनरेटरच्या मागे." बायको काही बोलली नाही. जेवताना तिने जिलेबी दोनदा घेतली आणि तरीही काही बोलली नाही, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे मला कळलं.

आमच्या घरी सोय या शब्दाचा अर्थ तसा आटोपशीर होता. वडिलांची चेतक होती. नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून मिळालेली. तिच्यात सोयी दोन. एक डिकी, जिच्यात फडकं, स्पार्क प्लग आणि भाजीची पिशवी राहायची. दुसरी स्टेपनी. स्कूटर रुसली की तिला एका बाजूला कलती करायची, पुन्हा सरळ करायची, देवाचं नाव घेऊन किक मारायची. या सोयींवर वडिलांनी दोन मुलं शाळेत पोचवली आणि एक मुलगी सासरी पाठवली.

मराठी माणसाला आलिशान गाडीचं वावडं आहे, हे मात्र कोणी सांगू नये. २०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या मंडळींनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. एक जुडी घेताना भाजीवाली ऐकत नाही, पण सोसायटीच्या दहा बायका मिळून गेल्या की ऐकते, त्यातलाच प्रकार. शिवाय मर्सिडीज तयार होते चाकणला आणि ऑडी शेंद्र्याला. चाकणचा कांदा आपण घेतोच. तेव्हा परकेपणाचा प्रश्न नव्हता. प्रश्न पैशांचा होता, आणि त्यावर मेव्हण्याने तोडगा सुचवला, "नवी कशाला घेता दाजी? दोन-तीन वर्षं वापरलेली घ्या. निम्म्यात येते."

मग सोयी बघण्याचा कार्यक्रम झाला, मेव्हण्याच्याच गाडीवर.

पहिली सोय डिकीची. हातात सामान असलं तर डिकी उघडायला हात लावायचा नाही. मागच्या बंपरखाली पाय घालून हवेत हलकी लाथ मारायची, डिकी आपसूक वर जाते. लाथ मारीन तिथं पाणी काढीन, असं आमचे आजोबा म्हणायचे. नातवंडांच्या पिढीत लाथेवर डिकी उघडू लागली, ही प्रगतीच. मेव्हण्याने दोन हातांत दोन पिशव्या धरल्या आणि लाथ मारली. काही नाही. दुसरी मारली. काही नाही. तिसरी जरा मनापासून मारली, तेव्हा सोसायटीचा वॉचमन धावत आला आणि म्हणाला, "साहेब, गाडीवर राग काढू नका." नंतर उलगडा झाला. किल्ली खिशात असली तरच लाथ मानली जाते, आणि किल्ली होती वहिनींच्या पर्समध्ये, चौथ्या मजल्यावर. वॉचमनने दोन्ही पिशव्या धरल्या आणि मेव्हण्याने हाताने डिकी उघडली. वॉचमन ही सोय चेतकच्या काळापासून आहे.

दुसरी सोय दारांची. दार नुसतं टेकवायचं, पुढचं काम आतली छोटी मोटर करते आणि दार आवाज न करता ओढून घेते. आपल्याकडे माणसाचं निम्मं आयुष्य 'जोरात लाव, लागलं नाही' ऐकण्यात जातं आणि उरलेलं निम्मं 'हळू लाव, ट्रॅक्टर आहे का' ऐकण्यात. त्या दोन्ही वाक्यांतून सुटका. पण आमच्याकडे गावाहून येणारे काका निरोप घेताना दार ज्या ताकदीने लावतात, ती त्यांच्या मायेची खूण असते. त्या मायेपुढे ही मोटर किती दिवस टिकेल, याचा अंदाज मला त्याच दिवशी आला.

तिसरी सोय मालिशची. सीटच्या पाठीत हवेच्या छोट्या पिशव्या असतात. त्या पाळीपाळीने फुगतात, आक्रसतात आणि पाठ चेपून देतात. आईला कौतुकाने पुढच्या सीटवर बसवलं आणि मेव्हण्याने बटण दाबलं. आई अर्धा मिनिट स्तब्ध बसली. मग हळूच, कोणाला भीती वाटू नये अशा आवाजात मला म्हणाली, "अरे, या सीटमध्ये उंदीर आहे."

तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग बंद करा त्याला."

आतले दिवे चौसष्ट रंगांचे. आपल्याकडे गणपतीला चौसष्ट कला, त्यांच्याकडे गाडीला चौसष्ट दिवे. मेव्हणा त्यांतला एकच वापरतो, निळा. कारण बदलायचा कसा ते मुलीला येतं आणि ती बंगळूरला असते.

क्रूझ कंट्रोलची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. पाय न लावता गाडीचा वेग एकसारखा ठेवणारं हे यंत्र राल्फ टीटर या अमेरिकन इंजिनिअरने शोधलं, आणि टीटर लहानपणापासून अंध होते. त्यांचे वकील गाडी चालवताना बोलू लागले की वेग कमी करायचे आणि ऐकू लागले की वाढवायचे. त्या हिसक्यांना कंटाळून टीटरनी हा शोध लावला. १९५० मध्ये त्यांना पेटंट मिळालं आणि १९५८ च्या क्रायस्लरच्या गाड्यांत तो पहिल्यांदा बसला. मी ही गोष्ट गाडी चालवता चालवता घरच्यांना सांगत होतो. बायको म्हणाली, "म्हणजे तुमच्या बोलण्यावर औषध निघालं होतं तर." सिंहगड रोडवर मात्र या औषधाचा गुण येत नाही. तिथे वेग स्थिर ठेवायला आधी वेग यावा लागतो.

एक सोय मला मनापासून पटली. स्कोडा सुपर्बच्या दारातच छत्रीसाठी खोबण असते. पावसात दार उघडा, छत्री ओढा, उतरा. जून ते सप्टेंबर महाराष्ट्रात राहिलेल्या माणसाला याहून मोठं ऐश्वर्य सुचणार नाही. मी जुन्या सुपर्ब दोन पाहिल्या. दोन्हींत खोबण होती, छत्री नव्हती. लाखांची गाडी विकणारा माणूस शेवटच्या क्षणी छत्री काढून घेतो, हा मनुष्यस्वभावाचा धडा मला तिथे फुकट मिळाला.

आता पडद्याविषयी. पूर्वी एसीला बटण असायचं. ते गोल असायचं, फिरवलं की फिरायचं. आता डॅशबोर्डवर आमच्या पहिल्या टीव्हीएवढा पडदा असतो आणि एसी त्याच्या पोटात कुठेतरी असतो. स्वीडनच्या एका मोटार मासिकाने २०२२ मध्ये यावर मजेदार प्रयोग केला. विमानाच्या धावपट्टीवर ताशी ११० किलोमीटर वेगाने गाडी चालवत रेडिओ लावणे, सीट गरम करणे अशी साधी कामं करायला चालकाला किती वेळ लागतो, ते मोजलं. बटणांची २००५ सालची जुनी व्होल्वो १० सेकंदांत मोकळी झाली. पडद्यावाल्या नव्या गाड्यांतल्या सगळ्यांत मंद गाडीला साधारण ४५ सेकंद लागले आणि तेवढ्यात ती सव्वा किलोमीटरहून पुढे निघून गेली. सव्वा किलोमीटरमध्ये पुण्यात तीन सिग्नल, एक मिरवणूक आणि उलट बाजूने येणारे सात दुचाकीस्वार लागतात. युरोपातल्या गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी युरो एनकॅप ही संस्थाही आता म्हणते की २०२६ पासून पाच तारे हवे असतील, तर इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा कामांना खरीखुरी बटणं ठेवा. एवढा प्रवास करून जग शेवटी माझ्या हॅचबॅकपाशी येऊन पोचलं.

हे सगळं मी आमच्या मिस्त्रींना सांगितलं. मिस्त्री म्हणजे गेली बावीस वर्षं माझ्या गाड्यांचा इलाज करणारा माणूस. गॅरेज एवढंसं, दोन गाड्या आत गेल्या तर मिस्त्रींना बाहेर उभं राहावं लागतं. त्यांनी चहाचा ग्लास बॉनेटवर ठेवला आणि सिद्धान्त मांडला.

"साहेब, जे हलतं ते मोडतं. जे आपोआप हलतं ते आधी मोडतं."

मग उदाहरणं निघाली. एअर सस्पेन्शन घ्या. स्प्रिंगच्या जागी हवा भरलेले रबरी फुगे, म्हणून गाडी खड्ड्यांवरून तरंगते. रबराला वयानं चिरा पडतात, रात्रभर हवा सुटते आणि सकाळी पार्किंगमध्ये गाडी एका बाजूने म्हशीसारखी बसकण मारून बसलेली असते. मोठं काचेचं छप्पर घ्या. त्याच्या कोपऱ्यांत पावसाचं पाणी वाहून न्यायला बारीक नळ्या असतात. गाडी गुलमोहराखाली लावली की पाकळ्या आणि पानांचा चुरा त्या नळ्यांत बसतो आणि पहिल्या पावसात पाणी छतातून मालकाच्या डोक्यावर येतं. बॅटरी घ्या. काही जर्मन गाड्यांत नवी बॅटरी नुसती बसवून भागत नाही, गाडीच्या कॉम्प्युटरशी तिची रीतसर ओळख करून द्यावी लागते. "आणि उंदीर," मिस्त्री म्हणाले, "वायरिंग कुरतडतात. जेवढी वायर जास्त, तेवढी त्यांची सोय जास्त." आईचं निदान चुकलं नव्हतं. फक्त थोडं लवकर झालं होतं.

सगळ्यांत मोठा धक्का स्टेपनीचा. अनेक महागड्या गाड्यांत आता स्टेपनीच नसते. त्यांचे टायर पंक्चर झाल्यावरही साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत चालतात, त्यानंतर तुम्ही आणि तुमचं नशीब. स्टेपनी हा शब्दसुद्धा १९०४ पासूनचा, वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलेला. तिथल्या कारखान्याचं जादा चाक जगभर गेलं. शब्द आपण इतका घट्ट धरला की तो मराठीच झाला. गाडी लाखांची, आणि वडिलांच्या चेतकमध्ये होती ती वस्तू हिच्यात नाही, हे मी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग एक चेतकच घ्या. जनरेटरमागे सहज मावेल."

आता हिशेब. आमच्या भाषेत घसारा हा फार अचूक शब्द आहे. त्यात घसरणं आहे आणि घसाही कोरडा पडतो. विमा कंपन्यांचं घसाऱ्याचं कोष्टक ठरलेलं आहे. शोरूममधली किंमत सहा महिन्यांत ५ टक्के घसरते, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. हिशेबापुरती ७० लाखांची पेट्रोल गाडी घेऊ. तिच्यावर महाराष्ट्रात १३ टक्के रस्ता कर, म्हणजे ९ लाख १० हजार. तो गाडी विकताना कोणी परत देत नाही. तिसऱ्या वर्षी कोष्टकाप्रमाणे किंमत उतरते २१ लाखांनी. एकूण ३० लाख १० हजार. तीन वर्षांचे दिवस १०९५. म्हणजे पहिला मालक रोज पावणेतीन हजार रुपये नुसते हवेत सोडत होता, गाडी पार्किंगमध्ये झोपलेली असली तरी. पेट्रोल, हप्ता, विमा, सर्व्हिसिंग त्याच्यावर. प्रत्यक्ष बाजारात भाव कोष्टकापेक्षाही खाली जातो.

मेव्हण्याचा तोडगा इथपर्यंत बिनतोड आहे. घसरगुंडीचा उभा भाग दुसऱ्याने घसरायचा, आपण पायथ्याशी उभं राहून गाडी झेलायची. पण झेलल्यानंतरची गोष्ट तो सांगत नाही. गाडी निम्म्या किमतीला येते, तिचे पार्ट निम्म्या किमतीला येत नाहीत. सत्तर लाखांची गाडी पस्तीस लाखांची झाली तरी तिचा हेडलाइट सत्तर लाखांच्या गाडीचाच राहतो, आणि अशा काही गाड्यांच्या एका हेडलाइटचा आकडा लाखांत जातो. पस्तीस लाखांच्या माणसाने सत्तर लाखांच्या गाडीचा संसार चालवायचा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण ज्याने काढली त्याने जुनी जर्मन गाडी घेतली असणार. वर साध्या विम्यात रबर, प्लॅस्टिक, बॅटरी यांची भरपाई देताना ५० टक्के कापून घेतात. घसारा फक्त काचेला नाही. विमा कंपनीच्या मते काच कधीच म्हातारी होत नाही.

मग घ्यायची तर विश्वासाची घ्यावी, असं ठरलं, आणि शोधाची सुई जपानकडे वळली. १९८९ साली टोयोटाने अमेरिकेत लेक्सस ही आलिशान गाडी आणली, तेव्हा जाहिरातीत इंजिन जोरात चालू ठेवून बॉनेटवर शॅम्पेनच्या ग्लासांचा मनोरा रचला होता. एक थेंब सांडला नाही. पण मला भावला तो त्याच वर्षाअखेरचा प्रसंग. दोन ग्राहकांच्या तक्रारी आल्या, तर कंपनीने तोवर विकलेल्या सुमारे ८ हजार गाड्या परत बोलावल्या, कित्येक गाड्या मालकांच्या घरून नेल्या, दुरुस्त करून, धुऊन, टाकी भरून परत दिल्या. आमच्याकडे गाडी सर्व्हिसिंगला दिली की परत येताना काटा राखीवच्या खाली असतो आणि सीट ड्रायव्हरच्या उंचीवर.

एवढं वाचून झाल्यावर बाजाराकडे वळावं तर तिथे अर्थशास्त्र आडवं आलं. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि २००१ साली त्यांना ज्या कामाबद्दल नोबेल मिळालं त्याच्या मुळाशी तो होता. अमेरिकेत बाहेरून चकचकीत आणि आतून फसव्या गाडीला 'लेमन' म्हणतात, म्हणजे लिंबू. अकेरलॉफ यांचं म्हणणं असं, की गाडी आतून कशी आहे ते विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. मग घेणारा सगळ्याच गाड्या लिंबू समजून कमी भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, गाडी घरीच ठेवतो. बाजारात उरतात ती लिंबं. आपल्याकडे हे ज्ञान फार जुनं आहे. आपण लिंबू आत आहे की नाही याचा शोध घेत बसत नाही. सरळ पुढच्या बंपरला दोऱ्यात ओवून, सात मिरच्यांसह बाहेर टांगतो.

बारावी गाडी पाहायला मी मिस्त्रींना बरोबर नेलं. महामार्गालगतचं शोरूम, काचेच्या भिंती, कॉफीचं यंत्र. गाडी पांढरी, जर्मन, २०२२ ची, मीटरवर २८ हजार किलोमीटर. चौसष्ट दिवे, मालिश, लाथेची डिकी, सगळं होतं. विकणारा मुलगा टाय लावलेला. "सर, डॉक्टरांची आहे. सिंगल हँड."

मुलगा मला पडदा दाखवत होता. मिस्त्रींनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दार उघडून त्यांनी आधी वास घेतला. "सेंट फार मारलाय," म्हणाले. मग गुडघ्यांवर बसून टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले, ३२२४. म्हणजे टायर २०२४ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनला, ऑगस्टमध्ये. चारही टायर तसेच. "दोन वर्षांत, अठ्ठावीस हजारांच्या आत चारही टायर बदलावे लागले?" त्यांनी विचारलं. मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब सेफ्टीबाबत पर्टिक्युलर आहेत, सर." मिस्त्री मागच्या सीटवर बसले, सीटबेल्टचा पट्टा धरला आणि ओढायला लागले. आपण पट्टा हातभर ओढतो आणि लावतो. मिस्त्री ओढतच राहिले, विहिरीतून पोहरा काढावा तसे. पट्टा काळा, काळा, काळा येत राहिला आणि शेवटचा वीतभर भाग आला तो वाळलेल्या चहाच्या रंगाचा. त्यांनी नखाने खरवडलं. बारीक माती हातावर पडली.

"चहा सांडला असेल," मुलगा म्हणाला.

मिस्त्रींनी दुसरा पट्टा ओढला. मग पुढचे दोन. चारही टोकांना तोच रंग.

"चौघांचा?" मिस्त्रींनी विचारलं.

२०२४ च्या २५ जुलैला खडकवासला धरणातून पाणी सोडलं, तेव्हा सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, गाड्या बुडाल्या. ही गाडी तिथलीच, असं मी म्हणत नाही. बुडायला जागा पुष्कळ असतात. पण गाडी आतून धुता येते, गालिचे बदलता येतात, टायर नवे घालता येतात. सीटबेल्टचं शेवटचं टोक खांबाच्या पोटात गुंडाळलेलं असतं आणि तिथपर्यंत कोणाचा हात जात नाही. त्या टोकाला सगळं आठवत असतं. परत येताना मिस्त्री एवढंच म्हणाले, "कॉफी चांगली होती पण."

तेरावी गाडी कुठल्या शोरूमात नव्हती. ओळखीतून कळली. तीन वर्षांची जपानी हायब्रिड, औंधच्या एका सोसायटीत, एका निवृत्त गृहस्थांची. ते मुलाकडे कॅनडाला चालले होते. मिस्त्रींनी चारही पट्टे ओढले. टोकापर्यंत काळे. मालकांनी एक फाइल पुढे केली. सर्व्हिसिंगची सगळी बिलं तारीखवार, विम्याची कागदं, बॅटरीवरच्या ८ वर्षांच्या वॉरंटीचा कागद, बँकेचं कर्ज फिटल्याची एनओसी, चलनं शून्य. सोबत एक वही. प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की किती लिटर, किती किलोमीटर, किती अ‍ॅव्हरेज, एका ओळीत, एकाच शाईत. मी सहज आरसी बुक पाहिलं. नावामागे 'डॉ.' होतं.

"आपण डॉक्टर?" मी विचारलं.

"रसायनशास्त्रातला," ते ओशाळून म्हणाले. "पीएचडी. तुम्हाला चालेल ना?"

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. हिच्या डिकीला लाथ समजत नाही, हाताने उघडावी लागते. दारं आपण लावली तर लागतात. मालिश नाही. मागची सीट मात्र बटणावर थोडी मागे झुकते आणि एसीला गोल बटण आहे. आई बसली, पाच मिनिटं वाट पाहिली आणि म्हणाली, "यात उंदीर नाही." तिच्याकडून एवढी शिफारस आजवर कुठल्याच गाडीला मिळालेली नाही.

निघताना डॉक्टरसाहेब खाली आले. त्यांनी डिकी उघडली, कोपऱ्यातली स्टेपनी दाखवली, जॅक दाखवला. शेजारी एक काळी, लांब दांड्याची छत्री होती. मी ती काढून त्यांच्या हातात द्यायला गेलो.

"राहू द्या तिला," ते म्हणाले. "गाडीचीच आहे ती."

तेव्हा जुनी आलिशान गाडी बघायला निघणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. सोयी मोजू नका, मालक वाचा. पडदा बघण्याआधी पट्टा शेवटपर्यंत ओढा, टायरवरचे चार आकडे वाचा, आणि खिशात गाडीच्या किमतीशिवाय नव्या गाडीच्या भावाने दोन मोठ्या दुरुस्त्यांचे पैसे असतील तरच टोकन द्या. एवढं झाल्यावर डिकी उघडा. आत छत्री सापडली, तर घासाघीस करू नका.